तोंडाचं विरजण

आरवाड्यांच्या लग्नात आमटी खारट झाली, आणि ती एका सिद्राम आचाऱ्याला सोडून सगळ्या मांडवाला कळली.

पहिली पंगत अर्ध्यावर आली होती. गव्हाची गोड हुग्गी वाढून झाली होती, वांग्याच्या भाजीचा दुसरा फेरा चालला होता. बसप्पा वाटीत आमटी घेऊन मांडवामागे भट्टीपाशी आला. बसप्पा हा सिद्रामचा जुना जोडीदार. तोंडाचा फटकळ, कामाला वाघ.

"अण्णा, चाखा."

सिद्रामने तळहातावर चार थेंब घेतले आणि जिभेला लावले. चिंच लागली, गूळ लागला, मिरचीही लागली. मीठ कुठेच नव्हतं. त्याचा हात आपसूक मिठाच्या डब्याकडे गेला. बसप्पाने त्याचं मनगट धरलं.

"काय करतासा? मिरजेला समुद्र नव्हता, तेवढा आणलासा तुम्ही आज. आता भरती पण आणता काय?"

"खारट झालीया?"

"मला काय इचारता? तुमच्याच हातावर हाय की!"

सिद्राम तळहाताकडे बघत राहिला. तेवढ्यात नवरीचा मामा कनातीतून आत डोकावला. "आचारी, पाण्याचा टँकर सांगू का? लोक जेवण सोडून पाणीच पितायत."

कुणी हसलं. बसप्पा हसला नाही. त्याने परातीत कणीक ओढली, भराभर भिजवली, लिंबाएवढे गोळे केले आणि आमटीच्या पातेल्यात सोडले. कच्ची कणीक शिजताना मीठ ओढून घेते. वर बिनमिठाची उकळती डाळ ओतली. दुसऱ्या पंगतीला आमटी खाण्याजोगी झाली, एवढंच.

गोळ्यांचा हा उपाय महानंदाचा होता. महानंदा म्हणजे सिद्रामची बायको. लग्न झाल्यापासून ती त्याच्याबरोबर प्रत्येक कामाला यायची. तो ढवळायचा, ती चाखायची. भट्टीच्या वाफेपुढे उभ्या माणसाची जीभ भाजून बधिर होते, हे सिद्रामला पहिल्या वर्षीच कळलं होतं. ती लांब बसून भाजी चिरायची आणि ताजी जीभ घेऊन यायची. थेंबभर चाखून डोळे मिटायची आणि म्हणायची, "अर्धी मूठ आणखी," किंवा "झालं, आता हात लावू नका." तालुक्यात लोक सिद्राम हिंगमिरेच्या हाताची चव म्हणायचे. ती चव हाताची नव्हती, हे त्या दोघांना माहीत होतं.

गेल्या श्रावणात महानंदाला बारीक ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. तिने तो अंगावर काढला. दम लागायला लागला तेव्हा इस्पितळात नेलं. तिथे कळलं की जंतूंनी हृदयाची एक झडप कुरतडली आहे. ऑपरेशन झालं, पण ती उठली नाही.

तपासणीत त्या जंतूचा ठावठिकाणा लागला. तो हिरड्यांत राहणारा होता. दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोबण पडते, तिथे अन्न साचतं, पू होतो, आणि त्या पुवात तो वाढतो. हिरडीतून रक्त आलं की तो रक्तात उतरतो आणि कुठेही जाऊन बसतो. महानंदाच्या हिरड्यांतून भाकरी चावताना रक्त यायचं. सिद्रामच्याही यायचं. दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. वय झालं की यायचंच, असं ते म्हणायचे.

दोघांची एकुलती एक मुलगी मेघना पुण्याला बॅटऱ्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होती. आईचे दिवस झाले त्याच आठवड्यात तिने बापाला दातांच्या डॉक्टरकडे नेऊन बसवलं. "अव्वाचं झालं ते तुमचं व्हायला नको," एवढंच ती म्हणाली. सिद्रामने तोंड उघडलं. त्याला त्या दिवसांत कुणी विहिरीत उतर म्हटलं असतं तरी तो उतरला असता.

हिरडीतली पट्टी ही तशी जुनी गोष्ट. पोह्याच्या दाण्याएवढी जिलेटिनची चकती, तिच्यात जंतुनाशक भरलेलं. डॉक्टर ती खोबणीत सरकवून ठेवायचे. गुळण्या केल्या तर औषध अर्ध्या तासात थुंकीबरोबर निघून जातं. चकतीतलं आठ-दहा दिवस पाझरत राहायचं. मग चकती विरघळायची आणि जंतू हळूहळू परत यायचे.

नवी पट्टी विरघळत नव्हती. ती दाताच्या मुळाशी चिकटायची आणि काही महिन्यांत मुळाशी एकजीव व्हायची. तिच्यात असंख्य सूक्ष्म कप्पे होते, आणि प्रत्येक कप्प्याला एक बूच. तो जंतू हिरडी खाण्यासाठी जो रस सोडतो, त्या रसानेच ते बूच विरघळायचं. जंतू वाढला की कप्पे उघडणार, जंतू मेला की पाझरणं थांबणार. गरजेपुरतंच औषध सुटल्यामुळे एक पट्टी सात-आठ वर्षं पुरणार, असा हिशेब होता. पट्टीत बसवलेला एक कण मोबाइलला खबर द्यायचा. तोंड स्वच्छ असेल तर पडद्यावर हिरवा ठिपका, नाहीतर पिवळा.

सिद्रामच्या तोंडात अकरा ठिकाणी पट्ट्या बसल्या. महिनाभरात रक्त थांबलं, दुर्गंधी गेली, हलणारे दात घट्ट झाले. ठिपका हिरवा झाला आणि तो मेघनाच्याही मोबाइलवर दिसू लागला.

"अप्पा, काल दुपारी पिवळा झाला होता. तंबाखू लावली का?"

"न्हाई गं. बसप्पानं पान दिलं होतं."

"पान कशाला खायचं?"

"लग्नाचं होतं. नको कसं म्हणायचं?"

"नको म्हणायचं. सरळ म्हणायचं, मुलीनं सांगितलंय."

मग दोन दिवसांनी, "आज भजी खाल्लीत का? तेलकट काहीतरी दाखवतंय."

"तुला तिकडं पुण्यात बसून माझ्या तोंडातलं भजं दिसतंय?"

"दिसतं. बटाट्याचं की कांद्याचं, ते नाही अजून कळत." ती हसायची. मग हसू थांबवून म्हणायची, "अप्पा, सकाळी उठले की आधी तुमचा ठिपका बघते. हिरवा असला की मग चहा ठेवते."

या वाक्यामुळेच सिद्राम तिला काही सांगू शकला नाही.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पट्ट्या बसवल्यानंतर पहिल्यांदा मीठ गेलं. मग कारल्याचा कडूपणा गेला. सकाळी तोंडाला एक चव असते, झोपेची, रात्रीच्या जेवणाची, तीही गेली. तोंड कसं, राखेनं घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं. त्याला वाटलं हे दुःखानं झालं असेल. बायको गेल्यावर माणसाला अन्न गोड लागत नाही, असं सगळे म्हणतच होते. पण गूळ तर गोडच लागत होता.

आरवाड्यांच्या लग्नानंतर त्याने वजनकाटा घेतला. इतक्या डाळीला इतकं मीठ. पण चिंच प्रत्येक वेळी सारखी आंबट नसते, एका गावचं पाणी दुसऱ्या गावी नसतं, वांगी कधी पाणी सोडतात कधी नाही. काट्यावर केलेलं जेवण इस्पितळातल्या जेवणासारखं व्हायला लागलं. चाखायचं काम बसप्पाकडे दिलं, तर त्याला मिरची असली की सगळंच छान लागायचं. दिवाळीनंतरची तीन कामं रद्द झाली. रद्द करणारे भले होते. "अण्णा, तुम्ही जरा विश्रांती घ्या या वर्षी," असं म्हणाले.

मग एके दिवशी हुग्गीसाठी गहू सडताना त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली.

महानंदाला नेलेल्या इस्पितळातल्याच दातांच्या डॉक्टर तमन्ना मुजावर चाळिशीच्या होत्या, बारीक चणीच्या आणि बोलायला मोकळ्या. पट्ट्या त्यांनीच बसवल्या होत्या. सिद्रामचा रक्तदाब बघून त्यांनी यंत्र बदलून परत बघितला.

"गोळ्या घेताय ना?"

"तीन घेतो. आधी एक होती."

त्यांनी त्याच्या जिभेवरून कापूस फिरवला, तो यंत्रात घातला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसल्या. मग खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"काका, तुमच्या तोंडात काहीच राहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"माणसाच्या तोंडात शेकडो जातींचे जंतू असतात. वाईट चार-दोन, बाकीचे शेजारी. जिभेच्या मागच्या बाजूला काही जंतू राहतात, ते पालेभाजीतल्या एका क्षाराचं रूप बदलतात. त्यानं रक्तवाहिन्या सैल राहतात, रक्तदाब आटोक्यात राहतो. तुमच्या तोंडातले ते सगळे मेलेत. म्हणून दाब चढलाय. आणि हे औषध जास्त झालं की जिभेला मीठ कळत नाही."

"पण तो जंतू मेला की औषध थांबतं म्हणाला होतात."

"बूच जंतूच्या रसानं उघडावं अशी रचना होती. तुमच्या शरीरातल्या पांढऱ्या पेशीही जवळजवळ तसाच रस सोडतात. बहुतेकांच्यात तो कमी असतो. तुम्हाला साखर आहे, तुमच्यात जास्त आहे. तुमच्याच रसानं बुचं उघडतायत. थांबतच नाहीत. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. आता तुमच्यासारखे आणखी काही जण सापडलेत."

"मग काढा पट्ट्या."

"काढता येतात. एका बैठकीत काढीन. पण त्यानंतरचं ऐका. दूध तापवून नुसतं उघडं ठेवलं तर काय होतं?"

"नासतं."

"आणि विरजण लावलं तर दही होतं. तुमचं तोंड आता त्या दुधासारखं आहे. पट्टी काढली की ते रिकामं राहणार नाही. जो पहिला येईल तो घर करील. दोघांच्या काढल्या होत्या आम्ही. दोघांच्याही तोंडात बुरशी भरली, घशापर्यंत गेली. एकांना गिळता येईना, नळीनं जेवण द्यावं लागलं. विरजण हाताशी असल्याशिवाय मी पट्ट्या काढणार नाही."

"मग लावा की विरजण."

"कुणाचं? परक्याचं लागत नाही, हिरड्या सुजतात. तुमचं जुनं असतं तर उत्तम. पण पट्टी बसवताना आम्ही तुमच्या जंतूंची फक्त ओळख नोंदवली, ते जिवंत ठेवले नाहीत. त्या वेळी तशी पद्धत नव्हती." त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "एकच आहे. काकूंचं."

सिद्रामला कळलं नाही.

"काकू दाखल होत्या, तेव्हा झडपेतला जंतू कुठून आला ते बघायला आम्ही त्यांच्या तोंडातलं घेतलं होतं. हिरडी, जीभ, गाल, सगळं. ते अजून थंडीत ठेवलेलं आहे. जिवंत आहे. आणि काका, तुमची नोंद आणि त्यांचं ते, दोन्ही एकच आहेत. जात तीच, कूळही तेच. इतकं जुळलेलं मी क्वचित बघितलंय. तुम्ही एका ताटात जेवायचात का?"

सिद्रामने मान हलवली. तो जेवून उठला की त्याच ताटात ती बसायची. त्याच्या आईची तशी पद्धत होती, तिच्या आईचीही. एकदा त्याने म्हटलं होतं, वेगळं ताट घे की, आता कोण बघतंय? तर ती म्हणाली, "आणि दोन-दोन ताटं घासायची कुणी, तुमच्या बसप्पानं?" पोळीचा शेवटचा चतकोर तो तिच्यासाठी ताटात ठेवायचा, आमटीत भिजवून.

"मग तिला माझ्याकडून गेला तो?" त्याने विचारलं.

"कुणाकडून कुणाला, हे सांगता येत नाही. कुणालाच नाही येणार."

ही सुटका होती की शिक्षा, हे सिद्रामला उमगेना.

"त्या विरजणात तो वाईटही असणार," डॉक्टर म्हणाल्या. "वेगळा काढून बघितला, तर बाकीचे धरत नाहीत. सगळं घर उठून येतं किंवा कुणीच येत नाही. हिरड्या परत बिघडतील, दात जाऊ शकतात. दर दोन महिन्यांनी साफ करायला यावं लागेल. तरी तुमचा रक्तदाब बघता मी म्हणेन, लावावं. पण ते काकूंच्या शरीरातलं आहे. तुमची आणि मुलीची, दोघांची संमती लागेल."

फोनवर सगळं ऐकून मेघना दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आली. तिने दारातच बॅग टेकवली आणि उभ्यानेच बोलली.

"मी संमती देणार नाही."

"आधी पाणी तरी पी."

"अप्पा, ज्या जंतूनं अव्वाला खाल्लं, तो तुम्ही हातानं तोंडात लावून घेणार? आणि मी हो म्हणू?"

"डोक्यातली शीर फुटून मेलो तर?"

"गोळ्या वाढवू. मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मुंबईला जाऊ."

"मीठ लागत न्हाई मला."

"मीठ!" ती म्हणाली. "मीठ नाही लागलं म्हणून कुणी मरत नाही."

सिद्राम उठून चुलीपाशी गेला. त्याने स्वयंपाक केला. भाकरी, शेंगांची चटणी, पालकाची पातळ भाजी. मेघना जेवायला बसली. पहिल्या घासाला तिची मान किंचित खाली गेली. दुसऱ्या घासाला तिने पाणी घेतलं. तांब्या संपला तेव्हा उठून तिने तो स्वतःच भरून आणला, पण ताटात काही टाकलं नाही.

"खारट हाय ना?"

"नाही. बरं आहे."

तिला खोटं बोलता येत नव्हतं. लहानपणापासून आईसारखे कान लाल व्हायचे, आताही झाले. सिद्रामला वाटलं, आता आपल्या घरात हे असंच चालणार. ती रोज पुण्याहून ठिपका बघणार, हिरवा आहे म्हणून चहा ठेवणार. आपण इथे राखेनं घासलेलं तोंड घेऊन बसणार, तिचा चहा चुकू नये म्हणून. पट्टी दाताच्या मुळाशी एकजीव झाली होती, पण आपण खरे अडकलो ते पोरीच्या भीतीत. तिथे कुठलं यंत्र चालणार?

संध्याकाळी बसप्पा आला. मेघनाला बघून खूश झाला. "काय म्हणतीया इंजिनिअर बाई? एकटीच जेवतीस का अजून? ताट वाढायला माणूस बघू का एखादा?"

"माझं ताट मला वाढता येतं, बसप्पाकाका."

"वाढता येतंय गं. पण शेवटचा घास कुणासाठी ठेवतीस?"

हे तो नेहमीचं चिडवणं म्हणून बोलला. पण मेघना वळून बापाकडे बघायला लागली. रात्रभर तिच्या डोक्यात काय चाललं होतं कुणास ठाऊक. सकाळी ती म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे. संमतीसाठी नाही. मला माझं तपासायचंय. मीही त्याच घरात जेवून वाढले."

डॉक्टर मुजावरांनी कापूस फिरवला, तो यंत्रात घातला. आकडे यायला लागले तशा त्या पुढे वाकल्या.

"तुम्ही शिकायला बाहेर होतात ना? वसतिगृहात?"

"हो. मग नोकरी. एकटी राहते."

"मुलं घराबाहेर पडली की त्यांचं तोंड बदलतं. मैत्रिणींबरोबर, नवऱ्याबरोबर, नव्या घराबरोबर. म्हणून काकांना मी तुमचं सुचवलंच नव्हतं. तुमचं बदललेलं नाही. थोडं इकडचं तिकडं, बाकी सगळं मिरजेचं." त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. "आईचंच आहे हे. बापाचंही."

"तो पण आहे?"

"तोही आहे."

मेघनाचे हात मांडीवर घट्ट झाले. "मग मला पट्टी बसवा. आत्ता."

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं?"

"नाही."

"येणारही नाही इतक्यात. तुम्ही दात नीट घासता, त्याला खोबण मिळालेली नाही. बाकीचे शेजारी त्याला दाबून आहेत. पट्टीनं तेही मरू शकतात. आईंची झडप लहानपणी सांधेतापानं आधीच खराब झालेली होती. जंतूला बसायला जागा मिळाली ती तिथे. हे आम्ही तेव्हाही सांगितलं होतं. तुम्ही जंतूचं नाव तेवढं ऐकलंत."

"मला पट्टी हवी. तो माझ्यात आहे हे कळल्यावर मी झोपू कशी?"

"घे बसवून," सिद्राम म्हणाला. "मग दोघं मिळून आमटी खारट करू."

मेघना रडायला लागली. आईच्या दिवसांतही ती अशी रडली नव्हती. डॉक्टर उठून खिडकीपाशी गेल्या आणि तिथल्या कुंडीतलं वाळकं पान काढत राहिल्या.

सिद्रामला समजूत घालता येत नव्हती. ते काम महानंदाचं. तो फक्त जे दिसत होतं ते बोलला.

"मेघे, अव्वाचं इथं थंडीत ठेवलंय म्हणं. मला काल वाटलं, चला, तिचं काहीतरी मिळंल. पण ते बर्फात हाय गं. तुझ्यातलं रोज जेवतंय, बोलतंय. अव्वानं तुला भाकरी चावून भरवली ना, तवाचं हाय ते. तू पट्टी लावलीस की ते मरणार. मग तिचं जितं काय राहिलं? तुझं कान तेवढं."

"आणि तो? तो उठला तर?"

"उठंल. मग बघू. दात घासू. या बाईंकडं येऊ. मी तंबाखू सोडली, पान सोडलं, आणखी काय सोडू सांग. पण असं निर्जीव तोंड घेऊन मला न्हाई राहता येत."

मेघनाने ओढणीने तोंड पुसलं.

"माझं चालेल का त्यांना?" तिने डॉक्टरांना विचारलं. "विरजण म्हणून?"

"गोठवलेल्यापेक्षा चांगलं चालेल. पण दात जाऊ शकतात काकांचे, हे मी परत सांगते."

"जाऊ देत," सिद्राम म्हणाला. "आचाऱ्याला जीभ लागती. दात नसले तर आमटी-भात खाईन."

पट्ट्या निघाल्या त्या दिवशी मेघनाच्या मोबाइलवरचा हिरवा ठिपका विझला. तिने ते बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला. डॉक्टरांनी मेघनाच्या तोंडातलं घेऊन तयार केलेला लेप सिद्रामच्या हिरड्यांना आणि जिभेला लावला. वर सांगितलं, की घरी एका ताटात जेवलात तर लवकर धरेल.

"हे औषध लिहून द्या," मेघना म्हणाली. "नाहीतर आत्याला पटणार नाही."

तिने रजा काढली. रोज दोघं एका ताटात बसू लागली. पहिल्या दिवशी ते अवघडच गेलं. मुलीचं उष्टं बापाने खाल्लेलं सिद्रामने कुठे बघितलं नव्हतं. मेघना आधी जेवायची, अर्धी भाकरी ठेवायची, मग तो बसायचा. तोंड आलं, जीभ पांढरी झाली. दोन दिवस डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. बुरशी दिसत होती. एका बाजूला बुरशी, एका बाजूला पोरीचं विरजण, आणि मध्ये सिद्राम, ज्याच्या हातात काहीच नव्हतं. तो स्वयंपाक करत राहिला. मेघना ते खारट जेवण जेवत राहिली, तांब्यावर तांब्या पाणी पीत राहिली, आणि कान लाल करून म्हणत राहिली, "बरं आहे, अप्पा."

मग जीभ पुन्हा लाल दिसू लागली. बुरशी मागे हटली. रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. मीठ मात्र आलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, येईल किंवा नाही येणार.

मेघनाची रजा संपत आली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सिद्रामने कटाची आमटी आणि पोळ्या केल्या. बसप्पाही आला होता. त्याने आधी वाटीभर आमटी चाखली, डोळे मोठे केले आणि मेघनाकडे बघितलं. मेघनाने हळूच मान हलवून त्याला गप्प केलं. ती जेवली. शेवटचा चतकोर तिने आमटीत भिजवून ताटात ठेवला आणि उठली.

सिद्राम त्या ताटावर बसला. चतकोर तोंडात घातला. चावता चावता थांबला. त्याने पाण्याचा तांब्या ओढला, पण प्यायला नाही. बोट आमटीत बुडवून परत जिभेला लावलं.

"मेघे."

"काय अप्पा?"

"ही आमटी हाय का काय हाय?"

ती दारातच थांबली.

"एवढं खारट!" सिद्राम म्हणाला. "एवढं खारट तू इतके दिवस गिळत होतीस? मुकाट?"

मेघना हसायला लागली आणि हसता हसता दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. बसप्पा म्हणाला, "आलं! अण्णाला मीठ आलं! आता मला पाणी द्या कुणीतरी, मी मेलो."

त्या चवीबरोबर तोही आला असणार, हे सिद्रामला माहीत होतं. कुठल्यातरी हिरडीत बसला असेल, जसा महानंदाच्या बसला होता, जसा पोरीच्या बसलाय. तो आता जाणार नव्हता. सिद्रामने ताटाला नमस्कार केला आणि उठला. परात घेतली. कणीक भिजवली, लिंबाएवढे गोळे केले आणि आमटीचं पातेलं परत चुलीवर चढवलं.

"बस," तो मेघनाला म्हणाला. "परत जेव."